डाग आणि सही

बेसबॉलच्या संग्राह्य कार्डावर शाईची रेघ उमटली की कार्ड बिघडते. प्रतवारी करणाऱ्या संस्था कोपरे, कडा, पृष्ठभाग बारकाईने तपासतात; पूर्वी कुणा मुलाने हौसेने आपले नाव त्यावर लिहिले असेल, तर प्रत उतरते आणि किंमतही. तीच रेघ खेळाडूच्या हातची असली तर मात्र ती सही ठरते. अमेरिकेतल्या वास्तव्यात हा छंद जडल्यापासून हा भेद मला कुतूहलाचा वाटत आला आहे.

सहीने मोल वाढतेच असे नाही. टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या मिकी मँटलच्या एका कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले. त्यावर सही नव्हती. किंमत होती सत्तर वर्षे जवळजवळ अस्पर्श राहिलेल्या पुठ्ठ्याची. त्याच कार्डाच्या झिजलेल्या, कोपरे मुडपलेल्या प्रतीला मात्र मँटलची सही तारून नेते.

१९९० साली अपर डेक कंपनीने रेजी जॅक्सनच्या सहीची, क्रमांक घातलेली २,५०० कार्डे पाकिटांत मिसळली. तोवर मैदानाच्या कठड्याशी ताटकळून मिळणारी सही आता सोडतीत निघू लागली. पुढे तर खेळाडू पारदर्शक स्टिकरच्या तावांवर सह्या करू लागले आणि कंपनी ते कार्डांवर डकवू लागली. सही अस्सल, पण त्या हाताने ते कार्ड पाहिलेलेही नसते! जाणते संग्राहक थेट कार्डावरच्या सहीला अधिक मोजतात. हा हट्ट मला सर्वस्वी रास्त वाटतो. त्यांना नुसती अक्षरे नको असतात. हात आणि वस्तू यांची भेट हवी असते.

या भेटीला साक्षीदार मात्र लागतो. एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात बनावट सह्यांचा मोठा धंदा उघडकीस आला. त्यात मदर तेरेसांच्या खोट्या सहीचे बेसबॉलदेखील सापडले. (बनावटकारांच्या कल्पकतेला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा?) आता प्रमाणपत्राशिवाय सहीला बाजारात फारसे कुणी विचारत नाही. हस्तलिखिताचा कर्ता ठरवताना पाठचिकित्सक निदान अक्षर, शाई, कागद पाहतो. इथला सामान्य ग्राहक प्लास्टिकच्या डबीवरचे लेबल वाचतो.

फ्लॉरिडातल्या एका सराव-मैदानावर दुय्यम दर्जाच्या एका खेळाडूने माझ्यादेखत सही केलेले कार्ड माझ्यापाशी आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे शुल्क कार्डाच्या किमतीहून अधिक आहे. दुकानदाराने ते उलटसुलट पाहिले, ‘शाई लागलीय’ म्हणाला आणि परत दिले.