हिशेबवह्यांतून परतलेली माणसं

रॅलीहून पूर्वेकडे गाडीने दोन-अडीच तास गेलं की क्रेसवेल लागतं. नॉर्थ कॅरोलिनातलं हे एवढंसं गाव ओलांडून शेतांमधून पुढे गेलं की फेल्प्स सरोवराच्या काठी सॉमरसेट प्लेस आहे. सगळ्यात आधी नजरेत भरतो तो कालवा. दोरी लावून आखल्यासारखा सरळ, काठाला उंच सायप्रस. दुपारच्या उन्हात हे दृश्य फार सुंदर दिसतं. पण तो कसा झाला हे कळल्यावर पाय जड होतात.

१७८६ साली 'कॅम्डेन' नावाच्या जहाजातून ८० आफ्रिकी माणसं थेट एडेंटन बंदरात उतरवण्यात आली. जोसाया कॉलिन्स आणि त्याच्या भागीदारांना इथली दलदल मोडून भात पिकवायचा होता. या गुलामांनी सरोवरापासून स्कपरनाँग नदीपर्यंत सुमारे ६ मैल लांब आणि २० फूट रुंद कालवा हातांनी खणला. चिखल, डास, हिवताप. कित्येक जण खणता खणताच मेले. रात्री आपल्या मुलखातली गाणी म्हणता म्हणता काही जण गाठोडी खांद्यावर टाकत आणि आफ्रिकेच्या दिशेला तोंड करून पाण्यात चालत जात, असं त्या काळाबद्दल लिहून ठेवलेलं आहे.

पुढे भात मागे पडला, मका आणि गहू आले, कॉलिन्सांचा १४ खोल्यांचा वाडा उभा राहिला. १८६५ पर्यंतच्या ८० वर्षांत साडेआठशेहून जास्त माणसं इथे गुलामीत राबली. यादवी युद्धानंतर मळा मोडला. वाडा मात्र टिकला, गुलामांची घरं टिकली नाहीत, आणि बरीच वर्षं पाहुण्यांना दाखवलं जाई ते वाड्याचंच वैभव.

हे चित्र बदललं ते डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड यांच्यामुळे. १९७७ साली 'रूट्स' ही मालिका टीव्हीवर पाहून त्या आपल्या पूर्वजांचा माग काढू लागल्या. कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं, विक्रीखतं, मालकाने केलेल्या याद्या त्यांनी चाळल्या. आपल्याकडे हेळवी किंवा भाट पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतात. इथे तसं सांगणारं कोणी नव्हतं. माणसाला माल समजून केलेल्या नोंदींतूनच आई, मूल, भावंडं जुळवायची होती. रेडफर्ड यांनी दहाएक वर्षं खपून ही नाती जुळवली. ३० ऑगस्ट १९८६ रोजी त्यांच्या हाकेला ओ देऊन दोन हजारांहून जास्त वंशज इथे जमले. 'रूट्स'चे लेखक अॅलेक्स हेलीही आले होते. पुढे रेडफर्ड याच स्थळाच्या व्यवस्थापक झाल्या.

आज दिसणारी गुलामांची घरं पुन्हा बांधलेली आहेत. सकी डेव्हिसचं घर मी बराच वेळ पाहत होते. लाकडी भिंती, आणि उंबऱ्यातून मान वळवली की समोर वाडा. शेजारच्या दवाखान्याची इमारतही नव्याने उभारली आहे. मळ्यावर खोडा होता. बेकी ड्रू या बाईला थंडीच्या रात्री त्यात अडकवून ठेवलं, पाय गोठले आणि ते कापावे लागले. माहिती सांगणारे हे सगळं तिच्या नावानिशी सांगतात, आवाज न चढवता. मला ती पद्धत फार योग्य वाटली.

शाळांच्या सहली आल्या की मुलांना दोर वळायला, केरसुणी बांधायला, उघड्या चुलीवर रांधायला शिकवतात. इतक्या कामानंतर पोटात काय पडत असेल, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. त्याचं उत्तर शिधावाटपाच्या हिशेबात सापडतं.

इथे येणाऱ्यांनी आधी वाड्यात शिरू नये, असं मला मनापासून वाटतं. कालव्याच्या काठाने चालावं, सकीच्या घरात थांबावं, नावं वाचावीत. वाडा शेवटी पाहावा. तेव्हा त्याची एकेक खोली कोणाच्या श्रमावर उभी आहे हे नावानिशी ठाऊक झालेलं असतं.