श्रेयनामावली

नवी कॅसेट घरात आली की मी आधी तिचं कार्ड बाहेर काढायचे. गाणं नंतर. डबीतलं ते घड्यांचं कार्ड उलगडायचं, उजेडाकडे धरायचं आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायची: गीत, संगीत, स्वर, संगीत संयोजन, ध्वनिमुद्रण. धाकटा भाऊ टेपपाशी हात पुढे करून उभा असायचा, पण नावं वाचून झाल्याशिवाय कॅसेट त्याच्या हाती जात नसे. आयुष्यभर मी गाण्यांइतकीच ही नावं गोळा करत आले आहे. संगीतातलं मला जे थोडंफार कळतं, त्यातलं बरंचसं या नावांच्या वाटेनंच कळलं.

सवय लावली ती मात्र रेडिओनं. कोल्हापूरच्या आमच्या घरात सकाळचा रेडिओ आईच्या ताब्यात असे. प्रत्येक गाण्याआधी निवेदक किंवा निवेदिका संथ आवाजात तीन नावं सांगायची: गीतकार, संगीतकार, गायक. ती तीन नावं म्हणजे गाण्याचा पहिला सूरच होता. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, अरुण दाते ही नावं मी एका दमात शिकले. यांतला कोण कवी आणि कोण गायक हे समजायच्या आधी. आईचा कान तयार होता. नुसते सुरुवातीचे स्वर ऐकून ती म्हणायची, ‘हे खळ्यांचं.’ पुढे निवेदिकेनं तेच नाव सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं.

अरुण दाते इंदूरचे, रामूभैया दात्यांचे चिरंजीव आणि व्यवसायानं टेक्सटाइल इंजिनिअर, हे एका दिवाळी अंकात वाचल्यावर वडिलांनी अंक खाली ठेवून ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. गिरणीत नोकरी करणारा माणूस संध्याकाळी असं गातो, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. मलाही वाटलं. गाणारी माणसं वेगळ्याच जगातून येत असावीत अशी माझी समजूत होती, ती त्या दिवशी गेली.

मग मी मुद्दाम शोधू लागले, कोण कुठून आलं ते. भावगीताला तबकडीवर पहिली मोठी लोकप्रियता मिळवून दिली ती ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेनं. ती गायली जी. एन. जोशी यांनी. कवी मेहकरला वकिली करणारे आणि गायक नागपूरचे, तेही वकिलीचंच शिक्षण घेतलेले. कायद्याची पुस्तकं वाचणारी विदर्भातली ही दोन माणसं मराठी घराघरात एक नवा गानप्रकार घेऊन आली. जोशी पुढे एचएमव्हीतच अधिकारी झाले आणि त्यांनी कितीतरी थोर कलावंतांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात सगळं बसवायचं, म्हणून शब्द मोजके आणि चाल नेटकी. भावगीताचा घाट कवींनी घडवला, तसा त्या तबकडीनंही घडवला.

आईचं माहेर पुण्याचं. नव्या गाण्याची वाट पाहणं म्हणजे काय, हे मला तिच्या बोलण्यातून कळलं. 1 एप्रिल 1955 या दिवशी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, दर आठवड्याला एक नवं गाणं. शुक्रवारी सकाळी ते प्रथम लागायचं, शनिवारी-रविवारी पुन्हा. अशी 56 गाणी, वर्षाहून अधिक काळ. पुण्याची वर्तमानपत्रं गाण्याचे शब्द छापायची आणि आई ते कापून वहीत चिकटवायची. प्रत्येक गाण्याखाली तिनं गाणाऱ्याचं नावही लिहिलं होतं, कारण आकाशवाणीवर ही गाणी एकट्या बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, गायलेली नव्हती. माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे अनेक आवाज त्यात होते. पुढे रेकॉर्डवर बाबूजींचा आवाज घराघरात पोचला आणि ते मूळ आवाज मागे पडले. आईच्या वहीत ते राहिले. व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते, हेही त्याच वहीत मी पहिल्यांदा वाचलं. या जोगांनी स्वतः किती सुंदर चाली बांधल्या आणि ‘गाणारं व्हायोलिन’ हे नाव रसिकांच्या तोंडी कसं बसवलं, ते पुढं कळत गेलं.

कॉलेजला मी पुण्याला मामाकडे आले. मामाचा जीव एलपींवर. शास्त्रीय गायकाची एलपी असली की कव्हराच्या मागे इंग्रजीत भरगच्च मजकूर असायचा: घराणं, गुरू, रागाची ओळख, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण. मामा तो आम्हा भाचरांकडून वाचून घ्यायचा. एकदा एका जुन्या हिंदी गाण्यावरून मामी आणि शेजारच्या काकूंची पैज लागली. लताबाई, असं दोघींपैकी एकीचं ठाम मत. मामानं रेकॉर्ड काढून लेबल दाखवलं: सुमन कल्याणपूर. आवाजातल्या साम्यामुळं या गुणी गायिकेची कितीतरी गाणी लोकांनी मनातल्या मनात दुसऱ्याच नावावर जमा केली. ढाक्यात जन्म, मुंबईत जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचं शिक्षण, केशवराव भोळ्यांकडे गाण्याची तालीम असा त्यांचा प्रवास. पद्मभूषण मिळालं ते 2023 मध्ये. लेबलवरचं नाव वाचलं असतं तर ती दाद त्यांना कितीतरी आधी मिळाली असती.

रेकॉर्डवर नाव येणं ही गोष्ट सहज झालेली नाही, हेही पुण्यातल्याच वाचनात कळलं. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांनी रेकॉर्डिंग केलं. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव उच्चारायच्या, कारण ती मुद्रणं छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा ते कळायला हवं. नाव असं गाण्यातच कोरलेलं होतं. पण 1949 च्या ‘महल’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावरचं पात्र. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, हा आवाज कोणाचा, आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. फिल्मफेअरमध्येही पार्श्वगायनाला पुरस्कार नव्हता. लताबाईंनी त्या समारंभात गायला नकार दिला, आणि 1959 पासून तो पुरस्कार सुरू झाला.

याच लताबाईंनी दुसरीकडे स्वतःचं नाव झाकून ठेवलं होतं. कोल्हापूरकरांना हा किस्सा फार जवळचा. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ला संगीत देणारे ‘आनंदघन’ कोण, हे लोकांना ठाऊक नव्हतं. राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा उलगडा झाला की हे आनंदघन म्हणजे लताबाईच. नावासाठी भांडायचं केव्हा आणि नाव बाजूला ठेवायचं केव्हा, हे त्यांना कळत होतं. ती निवड त्यांची स्वतःची होती, हे महत्त्वाचं. ज्यांचं नाव दुसऱ्यानं गाळलं, त्यांना अशी निवड मिळालीच नाही.

ते लोक मला दिसू लागले 1980 नंतरच्या स्वस्त कॅसेटच्या काळात. तोवर रेकॉर्ड निघणं म्हणजे मोठ्या कंपनीची कृपा. कॅसेट आली, छोट्या-मोठ्या कंपन्या आल्या, आणि एसटी स्टँडवर, आषाढीला पंढरपुरात, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर गाणी विकली जाऊ लागली. मंगळवेढ्याकडचे प्रल्हाद शिंदे भजन-कव्वालीच्या फडातून आले. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं एकाच तळमळीनं गाणारा तो खडा आवाज महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, अशी तिसरी पिढी आज गाते आहे. ही गाणी मी मनापासून ऐकली. पण कार्ड उलगडलं की मन खट्टू व्हायचं. पुढे गायकाचा मोठा फोटो, आणि गीतकाराचं नाव शोधायला लागायचं. कधी नसायचंच.

एका गावच्या जयंतीच्या कार्यक्रमात वामनदादा कर्डकांचं गाणं ‘पारंपरिक लोकगीत’ म्हणून सांगितलं गेलेलं मी ऐकलं. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कष्टाची कामं करत मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग हजारो गीतं लिहिली. माणूस 2004 पर्यंत हयात होता, गावोगाव फिरून गात होता, आणि त्याचे शब्द परंपरेच्या खात्यात गेले! लोकांच्या ओठांवर गाणं बसणं हा कवीचा मोठा मान. पण म्हणून त्याचं नाव पुसायची मुभा कोणाला मिळत नाही.

तसंच वादकांचं. हिंदी चित्रपटसंगीतातली ती भरदार व्हायोलिनं, ट्रम्पेट, ते सगळं बांधणारे कितीतरी हात गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून हे लोक मुंबईला आले. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनांचे अॅरेंजर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. रेकॉर्डच्या लेबलवर या नावांना जागा नव्हती. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त नायकाच्या तोंडी अँथनी गोन्साल्विस हे नाव आलं, तो शिष्यानं गुरूला केलेला नमस्कार होता. श्रेय द्यायला कागदावर जागा नसेल तर माणसं अशी गाण्यात जागा करून देतात.

मग सीडी आली. माझ्या संसाराच्या, नोकरीच्या धावपळीत मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ आला. कवितेचं वाचन आणि गाणं हातात हात घालून. त्यातले कवी ‘सौमित्र’ म्हणजे अभिनेता किशोर कदम, हे सीडीच्या पुस्तिकेतून कळल्यावर मी त्यांच्या भूमिकाही वेगळ्या नजरेनं पाहू लागले. 2003 मध्ये संदीप खरे आणि डॉ. सलील कुलकर्णी यांचं ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू झालं. वैद्यकीचं शिक्षण घेतलेला संगीतकार आणि शेजारी बसून आपल्याच कविता गाणारा कवी. कवी मंचावर गायकाइतकाच समोर बसलेला पाहून फार बरं वाटलं. 2010 मध्ये कौशल इनामदारांनी सुरेश भटांच्या कवितेचं ‘मराठी अभिमानगीत’ केलं, त्यात चारशेहून अधिक आवाज आहेत. आणि 2016 च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवुडच्या सोनी स्टुडिओत वाद्यवृंद मुद्रित केला. जुन्नर, शिरूरकडच्या शाळांत वाढलेल्या या दोन भावांचं गाणं तिथल्या वादकांनी कागदावरचे स्वर वाचून वाजवलं.

‘सैराट’ची गाणी मी मुलीच्या फोनवर ऐकली. हाती कार्ड नव्हतं. 10 जुलै 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करायचा रिवाज पडला आहे. आईच्या काळी शुक्रवार सकाळ होती एका गाण्याची. आताचा शुक्रवार एका माणसाला ऐकून संपणार नाही इतकी गाणी घेऊन येतो. याचं मला वाईट वाटत नाही. लातूरच्या, चंद्रपूरच्या खोलीत बसून एखादी मुलगी गाणं करते आणि त्याच दिवशी ते सगळीकडे पोचतं, ही मोठी गोष्ट आहे. पण पडद्यावर चित्र, गाण्याचं शीर्षक आणि गायकाचं नाव एवढंच दिसतं. गीतकार दिसायला दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. तिथंही नाव चुकलेलं किंवा रिकामं असू शकतं.

हा प्रश्न भावनेपुरता नाही. 2012 मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा वाटा आहे, आणि वारस किंवा हक्कसंस्था सोडून दुसऱ्या कोणाला तो लिहून देता येत नाही, असं त्यात स्पष्ट झालं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठवला होता. हा वाटा आज नोंदींच्या आधारे वाटला जातो. नोंदीत कवीचं नाव नसेल, तर पैसा त्याच्या घराचा पत्ता शोधणार कसा?

म्हणून ‘आठवणीतली गाणी’सारखं संकेतस्थळ मला मोलाचं वाटतं. प्रत्येक गाण्यासोबत तिथं गीत, संगीत, स्वर ही नावं असतात. आईची वही कोणीतरी सगळ्या महाराष्ट्रासाठी लिहायला घेतली आहे. आणि मुलगी आता स्वतःहून विचारते, ‘आई, हे लिहिलंय कोणी?’ तेव्हा मला खात्री पटते की सवय लावली तर लागते.

तुम्हाला एवढीच विनंती आहे. येत्या शुक्रवारी एखादं नवं मराठी गाणं आवडलं आणि कोणाला पाठवलंत, तर सोबत तीन नावं लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा. वादकांची कळली तर तीही लिहा. नाव चुकीचं दिसलं तर कंपनीला कळवा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत, जयंतीला सूत्रसंचालन करत असाल, तर गाण्याआधी ही नावं नीट उच्चारा. त्यानं गाणं अर्ध्या मिनिटानं उशिरा सुरू होईल. पण ज्यांनी ते केलं, त्यांचं त्यांना मिळेल.