दिवेआगरची सुपारी

घरांत मंगलकार्य निघालें कीं यादींत सुपारी आधीं लिहिली जाते. गणपति मांडावयाचा तो सुपारीवर, आमंत्रण द्यावयाचें तें सुपारी ठेवून. परंतु ही सुपारी कोणाच्या अंगणांत वाळते, आणि दुकानांत आपण मोजलेल्या रुपयांपैकीं त्या अंगणापर्यंत किती पोंचतात, याचा विचार आम्हीं उभ्या आयुष्यांत केला नव्हता. गेल्या माघांत दिवेआगरास एका जुन्या विद्यार्थ्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला आणि तो विचार करणें भाग पडलें.

माणगांवाहून म्हसळ्यावरून बोर्लीपंचतनास यावें. तेथून दिवेआगर अगदीं जवळ. पश्चिमेस वाळूचा विस्तीर्ण किनारा, त्याच्या आड सुरूचीं झाडें आणि त्यांच्या पाठीशीं नारळी-पोफळींच्या वाड्या. गांवाच्या नांवांतच आगर आहे. येथें सांपडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा मराठी ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहे. १९९७ सालीं सुवर्णगणेशाचा मुखवटा निघाला तोहि एका पोफळीच्या वाडींतच.

विद्यार्थ्याच्या वाडींत शिरलों तों डोक्यावर ऊन आलें. पोफळीच्या वाडींत ऊन जमिनीवर पडूं नये, अशी आमची समजूत होती. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. आजोबांच्या हातचीं सरळसोट झाडें त्या एका दुपारीं काडीसारखीं मोडलीं. उरलीं तीं मोजकींच. घराचें छप्पर पुन्हां घालतां येतें, परंतु पोफळीचें रोप वाडींत लावल्यापासून फळ धरीपर्यंत पांच-सात वर्षें जातात. त्यानें लावलेलीं झाडें आतां कोठें पोय टाकूं लागलीं आहेत.

अंगणांत केशरी फळें वाळत घातलेलीं होतीं. पिकलेले घड झाडावर चढून उतरावयाचे, फळें सुमारें चाळीस दिवस उन्हांत घालावयाचीं, रोज हलवावयाचीं, रात्रीं दंवापासून जपावयाचीं. पुरतें वाळलेलें फळ कानाशीं हलविलें कीं आंत गर खुळखुळतो. मग सोलणें आणि निवडणें: मोठी, पांढऱ्या गराची ती वेगळी, तडकलेली, पोकळ ती वेगळी. ‘श्रीवर्धनी रोठा’ म्हणून जी सुपारी नांवाजलेली आहे ती हीच. निवडीचें काम विद्यार्थ्याच्या मातोश्री करतात. ऐंशी वर्षांच्या वयांतहि त्यांचा हात चुकत नाहीं.

येथें आम्हांस नागपूरच्या संत्र्याची आठवण झाली. संत्रें नाशवंत, म्हणून तेथील बागाइतदार पुष्कळदां झाडावरचा बहारच व्यापाऱ्यास विकून टाकतो. सुपारीचें तसें नाहीं. वाळलेली सुपारी घरांत महिनेच्या महिने राहते. म्हणजे ज्याच्यापाशीं थांबण्याची ऐपत आहे, त्याला भाव वाट पाहून घेतां येतो.

“पण गुरुजी, ऐपत कुठून आणायची?” विद्यार्थी म्हणाला. वादळानंतर रोपें, मजुरी आणि मुलीचें शिक्षण यांसाठीं त्यानें एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती. उचल घेतली कीं माल त्याच्याच घरीं, असोला, त्यानें ठरविलेल्या भावानें. वाळविणें, सोलणें, निवडणें यांनीं वाढणारी किंमत मग दुसऱ्याच्या वखारींत वाढते. मातोश्री सुपातून मान वर न काढतां म्हणाल्या, “झाडासाठीं सात वर्षं थांबतों, आणि भावासाठीं सात आठवडे थांबतां येत नाहीं.”

यावर उपाय नाहीं असें नव्हे. या किनाऱ्यावर बागाइतदारांचे सहकारी संघ आहेत. राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल-तारण योजना आहे व तिच्या यादींत सुपारी आहे: माल गोदामांत ठेवावा, त्यावर कर्ज घ्यावें, भाव आल्यावर विकावा. पण मोजक्या मणांचा धनी एकटा तेथवर जात नाहीं. चार वाड्या मिळून गेल्या तर गाडीभाडेंहि परवडतें. देशांत सर्वांत अधिक सुपारी कर्नाटकांत पिकते. बाजार तिकडच्या आवकेवर हलतो. तेथें एका अंगणाचा आवाज कोठवर जाणार?

आणखी एक गोष्ट लपविणें योग्य नव्हे. २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें सुपारी हा कर्करोगकारक पदार्थ ठरविला. देवापुढची सुपारी निर्दोष, तोंडांतली नव्हे. विद्यार्थ्यास हें ठाऊक आहे. म्हणून त्यानें नव्या पोफळींवर मिरीचे वेल चढविले आहेत व मधून जायफळ लावलें आहे.

संस्कृतांत सुपारीच्या झाडास ‘पूग’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ समूह. याज्ञवल्क्यस्मृतींत न्यायनिवाडा करणाऱ्या लोकसमूहांत ‘पूग’ येतो. हे दोन अर्थ आम्हीं वर्गांत कैक वर्षें शिकविले, पण निरनिराळ्या दिवशीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं ओटीवर विद्यार्थी व त्याचे तीन शेजारी बसले असतां ते एकत्र सांगितले. कोणी कांहीं बोललें नाहीं. सकाळीं आम्ही निघालों तेव्हां त्यांपैकीं दोघे संघाच्या कचेरीची वेळ एकमेकांस विचारीत होते. मातोश्रींनीं निवडलेल्या पांच सुपाऱ्या आमच्या हातावर ठेवल्या. त्या आम्हीं देव्हाऱ्यांत ठेवल्या आहेत.