चार जणांची पाच मते

डोंबिवलीत सल्ल्याचा दुष्काळ कधीच नव्हता. सकाळच्या लोकलमध्ये मुलीच्या स्थळाचा विषय काढावा, मुंब्रा येईपर्यंत चार जणांची पाच मते हाती पडतात. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि त्यात आणखी एकाची भर पडली.

आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला, तेव्हा भाच्याच्या सांगण्यावरून मी त्याला सोंगे घ्यायला लावली. वकील होऊन ते म्हणाले, २०१९च्या सरकारी निर्देशांप्रमाणे प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी आधी पाहा. बिल्डर होऊन त्याने प्रशस्त खोल्यांची स्वप्ने दाखवली. तिसऱ्या मजल्यावरच्या ऐंशीच्या काकू होऊन ते लिफ्टवर भरभरून बोलले. घरबसल्या इतकी माणसे! मला तर हा बहुरूपी फार आवडला.

मात्र गडी भारी भीडस्त. ‘सही करणेच शहाणपणाचे, नाही का?’ विचारले की मान डोलावतो. ‘सही धोक्याची, नाही का?’ म्हटले तरी डोलावतो. अमेरिकेत वायझेनबाउम यांनी १९६६ साली दाखवलेली ‘एलायझा’ तर माणसाचेच शब्द प्रश्न करून परत देई, आणि तरी लोक तिच्यापाशी मन मोकळे करीत!

शेवटी वर जाऊन खऱ्या काकूंनाच विचारले.

“लिफ्टचं राहू दे रे,” त्या म्हणाल्या. “भाड्याच्या घरात रात्री भिंत ठोठावली, तर ऐकणार कोण?”

हे बहुरूप्याच्या तोंडून आले नव्हते. काकूंना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना भाड्याची घरे एकाच आवारात मिळावीत, असा ठराव मी सोसायटीपुढे ठेवला आहे. मतदान दिवाळीनंतर.