फिश टँकची चावी

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत फिश टँक सांभाळायचा म्हणजे पाण्याचं तापमान सांभाळायचं. आमच्या सिडकोतल्या घरी चार फुटी टाकी आहे, पाणी दोनशे लिटरच्या आसपास, त्यात एंजल मासे. 24 ते 28 अंशांत ते मजेत असतात. बाहेर पारा चाळिशीपार गेला की हॉलमधल्या टाकीचं पाणीही 32 कडे सरकायला लागतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम साडेसात. आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. मग दुपारी ते वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करतात. ते बघवत नाही.

यावर उपाय म्हणून टाकीवर छोटे पंखे लावून पाण्यावर वारा सोडतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरमध्ये घडतं तेच इथे घडतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण पाणी उडूनही जातं, आणि जायकवाडी धरणातून येणारं पाणी आमच्या शहरात नळाला रोज येत नाही. टाकीत ओतायचं पाणी आधीपासून भरून ठेवावं लागतं.

नोकरीपायी मी सारखा पुणे-हैदराबाद करतो. घरी आई एकटी. ‘अरे, मासे वर आलेत रे’ असा तिचा फोन आला की मीटिंगमध्ये जीव लागत नसे. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने मग कंट्रोलर बनवून दिला. पाण्यात डीएस18बी20 सेन्सर, ईएसपी32 चा बोर्ड, पंखे, दिवा आणि हिवाळ्यातल्या हीटरसाठी रिले. घरातल्या वायफायवर मोबाइलमध्ये सगळं दिसायला लागलं. आता ते हैदराबादहून दिसायला हवं होतं.

नेटवर्कची कामं करणाऱ्या एकाने झटपट तोड सांगितली: स्टॅटिक आयपी घ्या, राउटरमध्ये पोर्ट उघडा, झालं काम. भाचा अडून बसला. ‘मामा, तुला दिसेल ते साऱ्या जगाला दिसेल,’ म्हणाला. माझी खात्री पटावी म्हणून त्याने रास्पबेरी पाय नावाच्या एका जुन्या छोट्या संगणकावर काहीही नसलेलं, नुसतं नाव-पासवर्ड विचारणारं खोटं दार रात्रभर उघडं ठेवलं, घरातल्या बाकी यंत्रांपासून तोडून. सकाळी लॉग उघडला तर रांगच लागलेली. कुठले कुठले पत्ते, आणि प्रत्येक जण रूट, ॲडमिन अशी नावं टाकून बघतोय. आम्हाला कोणी शोधत नव्हतं. यंत्रं एकेक पत्ता ठोठावत पुढे जात होती. मी मात्र पार हादरलो.

2016 साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने असंच केलं होतं. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून त्याने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या. पुढच्याच वर्षी डार्कट्रेस या कंपनीने एका कॅसिनोची हकिगत सांगितली: चोर आत शिरले ते इंटरनेटला जोडलेल्या फिश टँकमधून. माझ्या घरात टाकीच्याच वायफायवर आईचा मोबाइल आहे, आणि त्यात तिच्या पेन्शनचं बँक खातं. तेव्हा प्रश्न फक्त माशांचा राहिला नाही.

आम्ही वायरगार्ड बसवलं. हा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतची खासगी वाट, 2020 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. घरच्या रास्पबेरी पायवर एक किल्ली, माझ्या मोबाइलमध्ये दुसरी. दोन्ही एकमेकींना ओळखतात. बाहेरून पोर्ट एकच उघडा, पण ओळखीची किल्ली नसेल तर तो उत्तरच देत नाही. ठोठावणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. मोबाइल हरवला तर तेवढी एक किल्ली खोडायची. राउटरमधलं यूपीएनपी बंद केलं, कारण त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र आपल्याला न विचारता पोर्ट उघडू शकतं. कंट्रोलरला गेस्ट वायफायवर ठेवलं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. नेट गेलं, वीज गेली तरी टाकी चालली पाहिजे. पंखे कधी लावायचे हे बोर्ड स्वतःच ठरवतो, आणि बोर्ड, पंखे, हवेचा पंप सगळं इन्व्हर्टरवर आहे. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे. दुरून मला हीटर फक्त बंद करता येतो, चालू करता येत नाही. ही मर्यादा मी मुद्दाम घालून घेतली. उद्या कोणी आत शिरलंच तरी मासे उकडून मारण्याचं बटण त्याच्या हाती लागणार नाही.

गेल्या मे महिन्यात हैदराबादच्या हॉटेलात मी आकडा पाहिला: 31. पंखे सुरूच होते. आईला फोन केला, तर टाकीतलं पाणी बरंच खाली गेलं होतं. शेजारच्या काकूंनी पिंपातल्या पाण्याच्या दोन बादल्या हळूहळू ओतल्या आणि संध्याकाळपर्यंत पाणी 29 वर आलं.

तुमच्या घरी टाकी, कॅमेरा किंवा डीव्हीआर बसवायला कोणी आला, तर तो निघायच्या आत त्याला विचारा: कारखान्याचा पासवर्ड बदललात का, आणि राउटरमध्ये कुठला पोर्ट उघडलात? उत्तर नीट मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.