पटावर सतरा

दोस्तांनो, मी कारकून होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ह्यानं लपवलं असं पुढं कुणी म्हणायला नको. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात ३३ वर्षं टेबल सांभाळलं आणि २०२४ ला रिटायर झालो. मोर्चात मी कायम मागच्या रांगेत, घोषणा तोंडातल्या तोंडात. सरकारी नोकर पडलो. तुमच्यासारखी पोरं निवेदन घेऊन यायची, तेव्हा आवक रजिस्टरला नंबर टाकून पोच द्यायचा तो मीच. त्या निवेदनाचं पुढं काय होतं ते मला माहीत असायचं. सांगत नव्हतो.

सप्टेंबर २०२३. वरून पत्र आलं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती काढा, त्या जवळच्या मोठ्या शाळेत घालून समूह शाळा करता येईल का ते कळवा. अख्ख्या राज्यात अशा शाळा १४ हजारांवर, पोरं १ लाख ८५ हजार. आमच्या तालुक्याची यादी माझ्याच टेबलाला आली. यू-डायसचा तक्ता उघडला, वीसच्या खालचे आकडे गाळून घेतले, आणि बोट ठेवत खाली खाली येत गेलो. अकराव्या नंबरला माझं गाव. जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट १७.

ती ओळ मी पुसली नाही. प्रिंट काढली, साहेबापुढं ठेवली. साहेब म्हणाले, "तुमचंच ना हे गाव?" म्हटलं, "हो साहेब." म्हणाले, "नावावरचा अनुस्वार राहिलाय." मी परत टेबलाला आलो, अनुस्वार दिला, आणि पुन्हा प्रिंट काढली.

ह्या शाळेच्या पायरीवर माझा बाप बसला होता. वर्गात नाही, पायरीवर. तेव्हा लोकल बोर्डाची शाळा मारुतीच्या ओवरीत भरायची. देवळातली शाळा म्हारड्याच्या पोराला आत कशी घेणार? मास्तर लांबूनच पाटी बघायचा. चुकलं की खडा फेकून मारायचा. छडी बाटायला नको ना! बाप दुसरीपर्यंत टिकला, मग गुरामागं गेला. छप्पन्नला त्यानं देव काढले. १९६२ च्या १ मे ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा परिषदेची झाली. बहात्तरच्या दुष्काळात शाळेला नव्या खोल्या घ्यायच्या ठरल्या. दगड दुष्काळी कामावरच्या माणसांनी फोडला. त्यात माझी आई आणि बाप. त्याच साली मी पहिलीत. बापानं फोडलेल्या दगडाला पाठ लावून मी आत बसलो, पाटलाच्या पोराशेजारी. त्याची पाटी दगडी, माझी पत्र्याची. एवढाच फरक. बाप दुपारच्या सुट्टीत कुंपणापाशी येऊन नुसता बघून जायचा. काय बघायचा कुणाला ठाऊक.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्या शाळेचा पट १४०. आधी पाटलाची पोरं तालुक्याला गेली. मग वाड्यातली, मग ज्यांच्या रानात ऊस आला त्यांची. सकाळी पिवळी व्हॅन यायला लागली. ती वेशीपर्यंत यायची, आमच्या वस्तीकडं वळायची नाही.

१९९९ ला ती वळली. माझ्या थोरल्यासाठी.

हो, मीच. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातला त्याला, मग धाकटीलाही. माझं बघून वस्तीतल्या दुसऱ्या दोन नोकरदारांनी घातली. बाप तेव्हा जिवंत होता. म्हणाला, "म्या दगुड फोडला त्यो कुनासाठी रं?" मी म्हटलं, "बा, जमाना बदललाय." वर त्याला बाबासाहेबांचं इंग्रजी ऐकवलं. बाप काही बोलला नाही. बिडी शिलगावली.

आज पटावर जी १७ आहेत त्यातली ११ आपली, ४ मातंगांची, २ पारध्याची. ती शाळा त्यांची होती तेव्हा आपल्याला पायरीवर बसवलं. आता ती नुसती आपली उरली तर पट परवडत नाही म्हणतात. पण ह्यात माझ्या दोन पोरांची वजाबाकी आहे, ती मी कुणाच्या नावावर टाकू?

आता पैशाचं. शाळेचा पैसा कुठून येतो म्हणून आपल्या कार्यकर्त्याला विचारा. तो म्हणेल, सरकार देतं. आरं, सरकार म्हणजे कोण? मास्तराचा पगार राज्याच्या तिजोरीतून परिषदेच्या नावावर येतो आणि तसाच पुढं जातो. परिषद म्हणजे नुसती पन्हाळ, पाणी तिचं नाही. समग्र शिक्षा २०१८ ला आली, तिच्यात ६० टक्के दिल्लीचे, ४० राज्याचे. नवी खोली पाहिजे तर जिल्हा नियोजन समितीकडं तोंड करायचं, तिथं पालकमंत्री अध्यक्ष. परिषदेचा म्हणून जो काही थोडा सेस फंड असतो, त्यातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचा नियम आहे. त्याचं काय होतं ते बघायचं असेल तर कुठल्याही वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चक्कर मारा. शिलाई मशिनी कशा धावत सुटतात बघा. आणि प्रत्यक्ष शाळेच्या हातात? तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार. खडू त्यातच, रजिस्टर त्यातच, झाडू, फिनेल, रंग, विजेचं बिल त्यातच. आमच्या शाळेचं मीटर दोनदा कापलं. कॉम्प्युटर कोपऱ्यात चादर पांघरून बसलाय, आजारी म्हाताऱ्यासारखा.

जोतीरावांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं हाच हिशोब काढला होता. सारा कुणबी भरणार, त्यावर रुपयाला आणा लोकल फंड भरणार, आणि शिकणार कोण?

ठरवतो कोण, हे आणखी गमतीचं. परिषदेत शिक्षण समिती असते, निवडून आलेल्यांची. २०२२ च्या मार्चात बहुतेक परिषदांची मुदत संपली. तिथून पुढं तीन वर्षांहून जास्त प्रशासक. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. म्हणजे आमची यादी निघाली तेव्हा हात वर करून 'ही शाळा बंद करू नका' म्हणायला परिषदेत निवडून आलेला एकही माणूस बसलेला नव्हता. दोस्तांनो, ह्यावर आपण मोर्चा काढला होता का? आमच्या तालुक्यात तरी नाही. आवक रजिस्टर माझ्याकडंच होतं.

मग सहीची एकच जागा उरते, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्याचं २१ वं कलम. त्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, आणि दुर्बलांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा पाहिजे. कागद झकास आहे. आमच्या गावात अध्यक्ष माझी धाकटी भावजय. सातवी नापास. तिची नात दुसरीत, सांभाळ तिच्याकडंच, म्हणून पालक ती. दोन वर्षं ती अध्यक्ष होती हे तिलाच धड माहीत नव्हतं. मिटिंगची वही घरी यायची, ती सही करायची, वही जायची. आत काय लिहायचं ते नंतर.

माझी रिटायरमेंट झाली त्याच पावसाळ्यात ती कागद घेऊन आली.

"भावजी, ह्ये वाचा की. सही करा म्हनत्यात. म्या म्हनलं, आमचं भावजी हापिसात व्हतं, त्यांला इचारते."

टाइप केलेला ठराव होता. सदर शाळेतील विद्यार्थी तीन किलोमीटरवरील शाळेत समायोजित करण्यास समितीची हरकत नाही. भाषा माझी ओळखीची. असली वाक्यं मी तेहतीस वर्षं टाइप केली. खाली अध्यक्षाची जागा कोरी.

"काय लिवलंय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मंजी आमीच म्हनायचं, आमची शाळा नगं?"

"हां."

"आन वड्याला पानी आल्यावर?"

त्यावर ठरावात काही नव्हतं. गाडी देऊ असं तोंडी होतं. पहिली ते पाचवीच्या पोराला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे, हा नियम. तो मी तिला सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नियम आपल्या बाजूनं सांगितला. तिनं विचारलं, "ह्ये तुमाला आदी ठावं व्हतं?" मी चष्मा पुसत बसलो.

तुम्हाला महाड पाठ आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं. माझ्याही भिंतीवर ते चित्र आहे. पण त्याच्या आठ दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात उभे होते आणि विषय होता शिक्षणाचा खर्च. सरकारचाच अहवाल हातात घेऊन त्यांनी हिशोब काढला. माणशी शिक्षणावर १४ आणे घालता, आणि अबकारीतून त्याच माणसाकडून दोन रुपयांवर काढता. घेता तेवढं तरी द्या. शाळेत आलेल्या १०० पोरांतली १८ चौथीला पोचतात, ८२ पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी तिथंच मांडलं. तळ्यावर जाणाऱ्या माणसानं आधी बजेट वाचलं होतं! आपण जयंतीला तळं काढतो. बजेटाचं चित्र निघत नाही म्हणून असेल.

आता ८२ गळत नाहीत. बसतात. आठवीपर्यंत बसतात. 'असर'ची पाहणी सांगते की देशभरातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत पाचवीच्या ज्या पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं, ती २०१८ ला ४४.२ टक्के होती. करोनानंतर २०२२ ला ३८.५ झाली. २०२४ ला ४४.८. म्हणजे सहा वर्षांनी होतो तिथंच. मला आकड्यावर विश्वास नव्हता, कारण आकडे कसे भरतात ते मी बघितलंय. म्हणून एक दिवस शाळेत जाऊन बसलो. चौथीत पाच पोरं. दुसरीचं पुस्तक दिलं. दोघांनी सरळ वाचलं, एकीनं बोट ठेवून अडखळत, दोघांनी चित्र बघून गोष्ट रचून सांगितली. गोष्ट चांगली रचली, खरं सांगतो, पुस्तकातल्यापेक्षा बरी. पण अक्षर नाही.

बाईंवर चिडणार होतो. पण त्या दिवशी दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामावर. बाईंसमोर चार वर्ग, चुलीवर आहार शिजतोय, आणि मोबाइलवर केंद्रप्रमुखांचा मेसेज, माहिती तात्काळ भरा. असली 'तात्काळ' पत्रं मीच काढायचो. खाली साहेबांची सही, वर माझी लघुसही. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही ऑफिसचे ना? चहा घेणार?" मला 'नाही' म्हणता आलं नाही आणि चहा घशाखाली गेला नाही.

मिटिंग झाली ग्रामपंचायतीत. सरपंच म्हणाले, "वहिनी, पोरांचं भलं हाय त्यात. मोठी शाळा, मैदान." भावजय म्हणाली, "मंग तुमच्या नातवाला पन घाला की तितं." कुणीतरी हसलं. तिनं वही ओढून घेतली. टाइप केलेला कागद तसाच ठेवला आणि पेनानं, तिच्या अक्षरात, वेळ लावून लिहिलं. मी मागं उभा होतो. पुन्हा मागच्याच रांगेत. 'शाळा हलवायची न्हाई. पोरं येतील.' खाली सही, मग बाकीच्या सहा बायांच्या. दोघींचे अंगठे.

जावक नंबर टाकून पोच घ्या, एवढं मी सांगितलं. ती घेतली. पोच माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर ती घरोघर फिरली. वीटभट्टीवर गेलेल्या एका घरानं पोरगं आजीकडं ठेवलं, आणि व्हॅनचं भाडं थकलेल्या एका मराठ्याच्या घरातनं पोरगी परत आली. पट १९ झाला. जूनमध्ये दोघं चौथी पास होऊन जातील.

भावजयीच्या यादीत माझ्या घरापुढं फुली मारलेली नाही, नुसता गोल केलाय. माझा नातू जूनमध्ये सहा पुरा करतो. तालुक्याला राहतो, थोरल्याकडं, नऊ किलोमीटरवर. मी रविवारी फोन केला, विचारलं. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही मला का नाही ठेवलं तिथं?"

भावजय परवा येते म्हणालीय, यादी घेऊन.