चोपण

जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला आणि अब्बांनी ऊस लावला. दारात आलेल्या पाण्याला कोण नको म्हणेल? काही वर्षांत काळ्या रानाचा खालचा तुकडा चोपण झाला. पावसात डबकं, वाळलं की दगड. अशा मातीला सोडियम धरून बसतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकावतं. पण हुसकावलेला जाणार कुठं? पैसे एकाच कामापुरते होते. भाईजान जिप्समवर अडून बसले. अम्मी म्हणाली, "पैले पानी कू रस्ता करो." चर खोदला. जिप्सम पुढच्या साली, तेही अर्ध्या तुकड्यात. मग धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडला. तिथं आता ज्वारी येते. उरलेला अर्धा तसाच आहे. त्याचे पैसे धाकटीच्या डी.एड.ला गेले.